धन्याचे सुगंधी तेल : उपयोग आणि सुरक्षितता

कोथिंबिरीची पिकलेली, वाळलेली फळे म्हणजे धने. ती भरडून त्यांतून वाफ खेळवली की जे बाष्पनशील तेल मिळते, ते धन्याचे सुगंधी तेल. ते रंगहीन किंवा फिकट पिवळसर असते, पाण्याहून हलके असते आणि त्याचा वास गोडसर, मसालेदार, किंचित लाकडासारखा असतो. अत्तरे, साबण, मिठाई आणि पेये यांच्या उद्योगांत ते दीर्घकाळ वापरात आहे. अलीकडे अरोमाथेरपी म्हणजेच सुगंधोपचारासाठी ते छोट्या बाटल्यांतून विकले जाते. मसाल्याच्या बियांपासून मिळणाऱ्या तेलांत ते सौम्य मानले जाते. मात्र सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. कोणत्या प्रमाणात, कोणावर आणि किती ताजे तेल वापरले, यावर त्याची सुरक्षितता ठरते.

मराठवाड्यातील धने

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत धने रब्बीत घेतले जातात. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणी होते आणि साधारण साडेतीन महिन्यांत पीक काढणीला येते. हरभरा किंवा करडईच्या शेतात धन्याच्या काही ओळी टाकण्याची पद्धत जुनी आहे. घरापुरते धने त्यातूनच निघतात. मराठवाड्याच्या काळ्या मसाल्यात आणि येसरात धने नसतील असे घर सापडणे कठीण. व्यापारी प्रमाणावर मात्र धन्याचे मोठे उत्पादन राजस्थानातील कोटा-बारां-झालावाड, मध्य प्रदेशातील गुणा आणि गुजरातेतील सौराष्ट्र या भागांत होते. राजस्थानातील रामगंज मंडी ही धन्याची मोठी बाजारपेठ आहे.

धन्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. भारतात बहुतेक ठिकाणी पिकणारे धने आकाराने मोठे असतात. त्यांत बाष्पनशील तेलाचे प्रमाण कमी, बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आत असते. रशिया आणि पूर्व युरोपात पिकणारे धने बारीक असतात आणि त्यांत एक टक्का किंवा त्याहूनही अधिक तेल निघू शकते. त्यामुळे जगातील ऊर्ध्वपातनाचा उद्योग मुख्यतः बारीक धन्यावर वाढला. मोठा, गोल, हिरवट-पिवळा दाणा मसाल्याच्या बाजारात चांगला भाव खातो, पण तेलासाठी तो किफायतशीर ठरत नाही. नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत धने घेताना दाण्याचा रंग आणि आकार पाहिला जातो. ऊर्ध्वपातन करणारा मात्र फक्त तेलाचा उतारा पाहतो.

या उताऱ्याचा हिशोब ग्राहकानेही समजून घ्यावा असा आहे. धन्यात ०.४ टक्के तेल आहे असे धरले तर एक किलो धन्यातून केवळ ४ ग्रॅम तेल मिळते. १० मिलिलिटरच्या बाटलीसाठी दोन किलोहून अधिक धने लागतात. एका थेंबात सुमारे ११ ग्रॅम धन्यांतील तेल एकवटलेले असते. चार माणसांच्या भाजीत चमचाभर धनेपूड घालणे आणि तेलाचे चार थेंब पोटात घेणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. धने रोज खाल्ले जातात म्हणून त्यांचे तेलही खाण्यास सुरक्षित आहे, हा समज इथेच खोटा ठरतो.

तेल कसे बनते, कसे काढतात

धन्याच्या प्रत्येक दाण्यात दोन अर्धे भाग एकमेकांना चिकटलेले असतात. या अर्ध्यांच्या आतल्या बाजूस अतिशय बारीक तैलनलिका असतात आणि सुगंध त्यांत साठलेला असतो. कोवळ्या, हिरव्या फळाचा वास उग्र असतो, कारण त्यात आल्डिहाइड गटातील रसायने जास्त असतात. फळ पिकून वाळू लागले की ती घटतात आणि लिनॅलूल या गोडसर वासाच्या द्रव्याचे प्रमाण वाढते. म्हणून तेलासाठी पूर्ण पिकलेले धनेच घ्यावे लागतात. कोथिंबिरीच्या पानांपासूनही तेल निघते, पण त्यात आल्डिहाइडे प्रमुख असतात. त्याचा वास आणि गुणधर्म धन्याच्या तेलापेक्षा अगदी वेगळे आहेत.

सावलीत वाळवलेले धने ऊर्ध्वपातनाच्या ऐन आधी भरडतात. अखंड दाण्यातून तेल नीट निघत नाही आणि भरडून ठेवलेल्या धन्यातून ते उडून जाते. भरड बंद भांड्यात ठेवून तिच्यातून वाफ सोडली जाते. वाफेबरोबर सुगंधी द्रव्ये वर येतात, थंड नळीत वाफेचे पाणी होते आणि पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे काढले जाते.

घाण्यावर किंवा यंत्रात दाबून काढलेले धन्याचे तेल ही दुसरीच वस्तू आहे. ते खाद्यतेलासारखे जड, न उडणारे तेल असून त्यात पेट्रोसेलिनिक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. दोन्ही ‘धन्याचे तेल’ याच नावाने विकली जात असल्यामुळे बाटलीवरील काढण्याची पद्धत वाचणे आवश्यक आहे. या लेखातील मात्रा आणि सूचना वाफेने काढलेल्या तेलाच्याच आहेत.

तेलातील घटक

युरोपीय औषधसंहितेनुसार धन्याच्या तेलात लिनॅलूलचे प्रमाण ६५ ते ७८ टक्के असावे लागते. उरलेल्या भागात अल्फा-पायनीन, गॅमा-टर्पिनीन, पॅरा-सायमीन, लिमोनीन, कापूर, जिरॅनिऑल आणि जिरॅनिल अॅसिटेट ही द्रव्ये असतात. कापराचे प्रमाण साधारण ३ ते ६ टक्के असते.

लिनॅलूल लॅव्हेंडरच्या तेलातही भरपूर असते, पण त्याचे रेणू दोन रूपांत आढळतात. ही रूपे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात. लॅव्हेंडरमध्ये एक रूप प्रमुख असते, तर धन्यात दुसरे. म्हणून लॅव्हेंडरवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष धन्याच्या तेलाला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ही सरमिसळ वारंवार दिसते.

ओव्याच्या तेलाशी तुलना केली की धन्याच्या तेलाचा सौम्यपणा स्पष्ट होतो. ओव्याच्या तेलात थायमॉल हे जंतुनाशक द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. ते त्वचेला आणि श्लेष्मल पडद्याला चटकन झोंबते, त्यामुळे मालिशच्या तेलातही ओव्याचे तेल एक टक्क्याच्या आत ठेवणे शहाणपणाचे असते. धन्याच्या तेलात थायमॉल मुख्य घटक नसल्याने निरोगी त्वचेवर ते अशी जळजळ सहसा करत नाही. मात्र दोन्ही तेले एकाच विक्रेत्याकडे, एकसारख्या बाटल्यांत मिळतात. एकाची मात्रा दुसऱ्याला वापरल्यास त्वचा पोळू शकते.

परंपरा आणि आधुनिक सुगंधोपचार

आयुर्वेदात धन्याला धान्यक म्हणतात. शार्ङ्गधरसंहितेत धान्यकहिमाचा उल्लेख आहे. भरडलेले धने रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी गाळून साखरेसह घेण्याचा हा प्रयोग अंतर्दाह आणि तहान यांवर सांगितला आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात घरोघरी होणारे धने-जिऱ्याचे पाणी याच वळणाचे आहे. या पाण्यात मुख्यतः पाण्यात विरघळणारी द्रव्ये उतरतात आणि बाष्पनशील तेल अगदी अल्प येते. त्यामुळे धान्यकहिमाला मिळालेला परंपरेचा आधार सुगंधी तेल पोटात घेण्याला लागू होत नाही.

सुगंधोपचार ही आजच्या रूपातील पद्धत विसाव्या शतकात फ्रान्समध्ये आकाराला आली. रने-मॉरिस गॅटफॉसे या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर जाँ व्हाल्ने या डॉक्टरांनी आणि मार्गरित मोरी यांनी ती पुढे नेली. हुंगणे आणि पातळ करून त्वचेवर लावणे या तिच्या दोन मुख्य वाटा आहेत.

उपयोगांना आधार किती

वास नाकातील ग्राहकपेशींकडून थेट मेंदूतील भावना आणि आठवणींशी संबंधित भागांपर्यंत पोचतो. त्यामुळे सुगंधाने मन हलके होणे हा केवळ भास नसतो. जपानमधील कागोशिमा विद्यापीठात २०१८ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात लिनॅलूलच्या वासाने भीतीची लक्षणे कमी झाली. ज्या उंदरांची वास घेण्याची क्षमता नष्ट केली होती, त्यांच्यावर मात्र हा परिणाम झाला नाही. म्हणजे तो नाकाच्या वाटेने घडत होता. हा प्रयोग उंदरांवरचा आहे. त्यावरून धन्याचे तेल माणसातील चिंताविकार बरा करते असे म्हणता येत नाही.

त्वचेबाबत माणसांवर झालेले काही अभ्यास जर्मनीतील आहेत. अतिनील किरणांनी लाल झालेल्या त्वचेवर धन्याचे तेल ०.५ आणि १ टक्का प्रमाणात असलेले लोशन वापरून २००८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लाली थोडी कमी झाली, पण हायड्रोकॉर्टिझोनचा परिणाम त्याहून अधिक होता. २०१३ मध्ये पायाच्या बोटांमधील बुरशीवर ६ टक्के तेलाचे मलम वापरून पाहिले. त्यासाठी एका पायाला तेलाचे मलम आणि दुसऱ्या पायाला तेल नसलेले मलम लावले. तेलाच्या बाजूची लक्षणे स्पष्टपणे कमी झाली. बुरशीच्या वाढीच्या चाचणीत मात्र तितका ठाम फरक दिसला नाही. चिखल्या झालेल्या शेतमजुराला हा निष्कर्ष आशादायक वाटेल, पण मलम तज्ज्ञांनी बनवलेले होते आणि वापर देखरेखीखाली होता. मधुमेही व्यक्तीने पायाच्या जखमेवर किंवा बोटांच्या बेचक्यात घरी मिसळलेले तेल लावू नये.

प्रयोगशाळेत हे तेल अनेक जिवाणूंना आणि बुरशींना मारते, हेही सिद्ध आहे. परंतु काचेच्या बशीत जंतू मरणे आणि शरीरातील आजार बरा होणे यांत मोठे अंतर आहे. सांधेदुखी, पोटफुगी, थकवा यांवर सुगंधी मालिशने बरे वाटते. त्यात चोळण्याचा, उबेचा आणि विश्रांतीचा वाटा मोठा असतो. मधुमेह, रक्तदाब किंवा कर्करोग या तेलाने बरा होतो असा दावा कोणी केला तर तो फेटाळावा. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार मधुमेहासह अनेक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे.

वापरण्याची रीत

हुंगण्यासाठी रुमालावर किंवा कापसावर एक-दोन थेंब पुरतात. डिफ्यूझरमध्ये तीन ते पाच थेंब टाकून तो पंधरा ते तीस मिनिटे चालवावा आणि खोलीची एखादी खिडकी उघडी ठेवावी. रात्रभर डिफ्यूझर सुरू ठेवल्याने लाभ वाढत नाही, डोकेदुखी आणि मळमळ मात्र होऊ शकते. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात तेल टाकून वाफारा घेताना डोळे चुरचुरतात आणि पाणी सांडून भाजण्याचा धोका असतो. मुलांना असा वाफारा देऊ नये.

त्वचेवर तेल नेहमी आधारतेलात मिसळूनच लावावे. साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. ३० मिलिलिटर आधारतेलात ६ थेंब टाकले की एक टक्का, १२ थेंब टाकले की दोन टक्के प्रमाण होते. चेहरा, नाजूक त्वचा आणि वृद्ध व्यक्ती यांच्यासाठी एक टक्का किंवा त्याहून कमी प्रमाण ठेवावे. निरोगी प्रौढाच्या हातापायांच्या मालिशसाठी दोन टक्के पुरेसे आहेत.

आधारतेल मराठवाड्यात सहज मिळते. लातूर हा गळीतधान्यांचा जुना पट्टा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे गळीतधान्य संशोधन केंद्रही तिथेच आहे. लाकडी घाण्याचे करडईचे तेल हलके असून त्वचेवर लवकर पसरते, पण ते लवकर खवटही होते. म्हणून मिश्रण थोडेच बनवून महिन्याभरात संपवावे. तिळाच्या तेलात नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारके असल्याने ते अधिक टिकते. मोहरीचे तेल आधीच झोंबणारे असते, त्यामुळे या कामासाठी ते घेऊ नये.

अंघोळीच्या पाण्यात थेट थेंब टाकल्यास तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगते आणि शुद्ध स्वरूपात त्वचेला चिकटते. ते आधी चमचाभर आधारतेलात मिसळावे. पहिल्या वापरापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला पातळ केलेल्या तेलाचा थेंब लावून चोवीस तास वाट पाहावी. लाली, खाज किंवा फोड आले तर ते तेल वापरू नये.

ऑक्सिडीकरण : उन्हाळ्यातील मुख्य धोका

ताजे लिनॅलूल क्वचितच अॅलर्जी करते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला की मात्र त्यापासून लिनॅलूल हायड्रोपेरॉक्साइडे बनतात आणि ती त्वचेला अॅलर्जी करणारी असतात. स्वीडनमधील संशोधकांनी त्वचारोगाच्या रुग्णांवर केलेल्या पॅच चाचण्यांतून हे दाखवले आहे. एकदा अशी अॅलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते. मग लिनॅलूल असलेले साबण, क्रीम आणि अत्तरही सोसत नाही. युरोपीय संघात त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत लिनॅलूल ०.००१ टक्क्याहून जास्त असेल तर त्याचे नाव लेबलवर छापावे लागते. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय मानकांनीही लिनॅलूलमधील पेरॉक्साइडवर मर्यादा घातली आहे.

ऑक्सिडीकरणाला उष्णता आणि प्रकाश वेग देतात. नांदेड-लातुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा मोटारीत ठेवलेली बाटली लवकर बिघडते. तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावे. बाटली लहान घ्यावी, कारण अर्ध्या रिकाम्या बाटलीतील हवाच तेल बिघडवते. झाकण उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी आणि वर्ष-दीड वर्षानंतर ते त्वचेवर वापरू नये. वास आंबट किंवा उग्र झाला असेल तर त्याआधीच टाकून द्यावे. तेल ज्वलनशील असल्याने ते समई, गॅस आणि चुलीपासून दूर ठेवावे.

कोणी टाळावे

दोन वर्षांखालील मुलांच्या अंगाला, नाकाला किंवा उशीला हे तेल लावू नये. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ते टाळावे आणि पुढेही डॉक्टरांना विचारूनच वापरावे. दम्याच्या रुग्णाला तीव्र वासाने खोकल्याची उबळ येऊ शकते. धने, जिरे, बडीशेप, ओवा हे सारे एकाच वनस्पतिकुळातील आहेत. त्यांपैकी कशाची अॅलर्जी असेल तर हे तेलही टाळावे. घरात मांजर असेल तर बंद खोलीत डिफ्यूझर लावू नये, कारण अशी द्रव्ये निकामी करून बाहेर टाकण्याची तिच्या यकृताची क्षमता कमी असते.

तेल पोटात घेणे हा घरगुती प्रयोग नाही. अन्नउद्योग ते स्वादासाठी वापरतो, पण अगदी अल्प, मोजून ठरवलेल्या प्रमाणात. लहान मुलाने बाटली तोंडाला लावली तर उलटी करवू नये. उलटीबरोबर तेल फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. नांदेडला विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. तेल डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि डॉक्टरांना दाखवावे.

खरेदी करताना

धन्याच्या तेलात कृत्रिम लिनॅलूल मिसळण्याचे प्रकार होतात, कारण ते स्वस्त असते. कागदावर थेंब टाकून ठेवल्यावर तेलकट डाग राहिला तर त्यात खाद्यतेल मिसळले आहे, एवढे घरी कळते. कृत्रिम लिनॅलूल मात्र या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी वायुवर्णलेखन चाचणी करावी लागते आणि तिचा अहवाल विक्रेत्याकडे मागता येतो. बाटलीवर कोरिअँड्रम सॅटायव्हम हे शास्त्रीय नाव, वनस्पतीचा भाग, काढण्याची पद्धत, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता असावा. केवळ ‘धन्याचा सुगंध’ असे लिहिले असेल तर ते बहुधा कृत्रिम सुगंधद्रव्य असते.

धन्याचे तेल हे औषधाला पर्याय नाही. ताजे, पातळ केलेले आणि केवळ बाह्य वापरापुरते ठेवले तर निरोगी प्रौढासाठी ते सुखद आणि बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पोटासाठी धने स्वयंपाकातच ठेवावेत, तेल बाटलीत मुलांच्या हाताबाहेर ठेवावे आणि आजार असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे.